अलार्मचं बटण नेमकं काय तपासतं?

कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे इंधन अर्धवट जळल्यावर निघणारा विषारी वायू, ओळखणारा अलार्म घरात लावलेले बहुतेक लोक त्याची चाचणी एकाच पद्धतीने घेतात: बटण दाबायचं, कानठळ्या बसवणारा आवाज ऐकायचा आणि निर्धास्त व्हायचं. चाचणी खोटी नाही, पण अर्धीच आहे. बॅटरी, भोंगा आणि सर्किट शाबूत आहेत एवढं तिने कळतं. समोर विषारी वायू आला तर तो ओळखता येईल का, याचा बहुतेक उपकरणांत त्या बटणाला पत्ताच नसतो.

ते काम आतल्या सेन्सरचं. आजच्या बहुतेक घरगुती अलार्ममध्ये तो विद्युत-रासायनिक सेल असतो, आणि इतकं देखणं रसायनशास्त्र घरातल्या वस्तूंमध्ये क्वचितच सापडतं. एका बारीक छिद्रातून हवा आत झिरपते आणि प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर पोचते. तिथे कार्बन मोनॉक्साइडचा रेणू पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन उचलतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. मागे उरतात दोन प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन. प्रोटॉन सल्फ्युरिक आम्लातून सरळ पलीकडच्या इलेक्ट्रोडकडे सरकतात. इलेक्ट्रॉनना ती वाट बंद. त्यांना बाहेरच्या तारेतून वळसा घालावा लागतो. पलीकडे दोघांची गाठ हवेतल्या ऑक्सिजनशी पडते आणि पुन्हा पाणी तयार होतं. खर्च झालेलं पाणी परत जमा, हिशेब चुकता! वळसा घालणारे ते इलेक्ट्रॉन म्हणजेच विद्युतप्रवाह. तो मोजावा लागतो नॅनोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या अब्जांश भागांत, पण वायूच्या प्रमाणाशी अगदी समप्रमाणात असतो.

छिद्र मुद्दाम अरुंद ठेवलेलं असतं. प्लॅटिनमची क्षमता गरजेपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे आत शिरलेला जवळजवळ प्रत्येक रेणू तिथल्या तिथे जळतो. किती रेणू शिरायचे, ते छिद्र ठरवतं. म्हणून प्लॅटिनम थोडं थकलं तरी मापन फारसं बिघडत नाही. पण याच युक्तीमुळे धूळ महागात पडते. छिद्र निम्मं बुजलं तर प्रवाहही साधारण निम्मा होतो आणि प्रत्यक्षातले 100 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे 100 भाग) उपकरणाला 50 वाटतात.

खरी गोम पुढेच आहे. हवा शुद्ध असेल तर प्रवाह शून्य. सेल मेला असेल, आम्ल सुकलं असेल, छिद्र बुजलं असेल, तरीही प्रवाह शून्यच! नुसत्या प्रवाहावरून या दोन शून्यांत फरक करता येत नाही. काही उपकरणं यावर तोड म्हणून सेलला अधूनमधून विजेचा हलका धक्का देतात. जिवंत सेल तो धारित्रासारखा (कपॅसिटरसारखा) साठवून परत करतो, सुकलेला करत नाही. छिद्र बुजलेलं असेल तर मात्र ही तपासणीही फसते.

खरी चाचणी वायूनेच होते. त्यासाठी ठरावीक प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड भरलेले छोटे डबे मिळतात. उपकरण प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून, उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे त्यातला वायू सोडायचा. गाडीच्या धुराने हा प्रयोग करू नये. नव्या गाडीच्या तापलेल्या इंजिनाच्या धुरात हा वायू फारच कमी असू शकतो, जुन्या गाडीच्या धुरात जिवावर बेतण्याइतका.

अलार्म लगेच वाजला नाही म्हणून तो बिघडलाय असंही नाही. युरोपच्या ईएन 50291 मानकानुसार 50 पीपीएमला त्याने 60 ते 90 मिनिटांत वाजायचं असतं आणि 300 पीपीएमला 3 मिनिटांच्या आत. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, पण रक्तात साचायला वेळ लागतो. त्यामुळे प्रमाण आणि वेळ दोन्ही मोजावे लागतात.

या वायूने भुतंही निर्माण केली आहेत. 1921 मध्ये विल्यम विल्मर या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने एका ‘झपाटलेल्या’ घराची हकीकत प्रसिद्ध केली. घरच्यांना पावलं ऐकू येत, आकृत्या दिसत. दोष निघाला घर गरम ठेवणाऱ्या भट्टीत: तिचा धूर धुराड्याऐवजी घरात येत होता. भट्टी दुरुस्त झाली आणि भूत पळालं. आजच्या भोंदूगिरीचं रूप वेगळं, इतकंच. कुंडीतली झाडं किंवा कापलेला कांदा हा वायू शोषून घेतात, असे संदेश फिरत असतात. त्यात काडीचं तथ्य नाही, आणि एअर प्युरिफायरमधला बारीक धूलिकण अडवणारा हेपा फिल्टरही हा वायू अडवत नाही.

देखभाल सोपी आहे. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने जाळीवरची धूळ काढायची आणि बटणही दाबायचं. जवळपास स्प्रे मारायचा नाही. काही स्प्रेंमधल्या सिलिकोनची वाफ प्लॅटिनमवर बसली तर सेल कायमचा निकामी होऊ शकतो. रंगकाम चालू असताना अलार्म दुसरीकडे हलवावा. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना निघणारा हायड्रोजनही या सेलला चकवतो आणि अलार्म वाजतो. तरी वाजला की आधी सगळ्यांनी घराबाहेर पडायचं; बॅटरीवर संशय नंतर.

सेन्सरचं आयुष्य उपकरणानुसार साधारण 5 ते 10 वर्षं असतं आणि बदलण्याची तारीख पाठीमागे छापलेली असते. मुदत संपल्यावर बरीच उपकरणं थोड्या थोड्या वेळाने चिवचिवतात. बॅटरी संपत आल्यावरही तसाच आवाज येतो, म्हणून लोक बॅटरी बदलत राहतात. नवी बॅटरी घालूनही चिवचिव थांबली नाही तर पाठीमागची तारीख बघावी.