तिवर खारं पाणी पीतच नाही

हार्बर लाईनने वाशीला जाताना मानखुर्द सुटलं की खाडीवर दोन्ही बाजूंना तिवरं दिसायला लागतात आणि डब्यात कुणीतरी पोराला सांगतंच, "ही झाडं खारं पाणी पितात हां." अहो, नाही पीत! 90 टक्क्यांहून जास्त मीठ मुळांमध्येच अडतं, खोडात चढतं ते जवळपास गोडं पाणी. उरलेलं थोडं मीठ पान बाहेर टाकतं, उन्हाळ्यात पानावर बोट फिरवून जिभेला लावा, खारट लागेल.

आता समुद्राच्या पाण्यातून मीठ गाळायचं तर हवेच्या दाबाच्या साधारण 25 पट दाब लागतो. घरच्या आरओ मशीनमध्ये त्यासाठी पंप असतो, तिवराकडे कुठला पंप?

शाळेतलं उत्तर केशाकर्षण, म्हणजे बारीक नळीत पाणी आपोआप वर चढणं, पण त्यात दम नाही, 0.1 मिलिमीटर रुंदीच्या नळीत त्याने पाणी जेमतेम 30 सेंटिमीटर चढतं. खरा खेळ पानात आहे. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, उघडावी लागतात, उघडली की पाणी उडून जातं, मग पेशीभित्तीतल्या अतिसूक्ष्म छिद्रांमधलं पाणी आत ओढलं जाऊन त्याचा पृष्ठभाग वाकतो, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे तो ताण झायलेमच्या, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या, नळ्यांमधून थेट मुळापर्यंत पोचतो. म्हणजे पाणी खालून कुणी ढकलत नाही, वरून खेचलं जातं, आणि खेचणारी ताकद शेवटी उन्हाची!

ही कल्पना डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी 1894 मध्ये मांडली, पण पाणी असं ताणलं जातं हे बऱ्याच जणांना पटेना. 1965 मध्ये शोलँडर या शास्त्रज्ञांनी तो ताण मोजायची मस्त युक्ती दाखवली. डहाळी कापली की ताणलेलं पाणी नळ्यांमध्ये आत सरकतं, मग ती डहाळी कापलेलं टोक बाहेर ठेवून स्टीलच्या भांड्यात बंद करायची आणि आत गॅसचा दाब वाढवत न्यायचा, टोकाशी पाणी परत दिसलं की तो आकडा म्हणजेच ताण. तिवरासारख्या खारफुटीत तो हवेच्या दाबाच्या 35 ते 60 पट निघाला. गरज 25 पटीची!

ऑगस्ट 2006 मध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं म्हणून लोकांनी बाटल्या भरून नेल्या होत्या. चमत्कार कसला, पावसाळ्यात नदीनाल्यांचं गोडं पाणी हलकं असल्याने खाऱ्यावर तरंगतं, आणि त्यात गटाराची घाण होती ती वेगळीच. खाडीतून खरंच पिण्यासारखं पाणी काढणारी तिवरं तिथेच उभी होती, त्यांच्याकडे कोण बघतं!

एवढं पाणी खेचून पान काय मिळवतं, तर साखर. तिचा प्रवास उलट पद्धतीने होतो. ती वाहून नेणारा फ्लोएम जिवंत पेशींचा, पानाजवळ त्यात ही साखर (सुक्रोज) भरली की शेजारून पाणी आत घुसतं, दाब वाढतो आणि पाक मुळाकडे ढकलला जातो (ही कल्पना म्युंख या शास्त्रज्ञाची, 1930). इथे ढकलणं, तिथे खेचणं.

मुळांना ही साखर जाळायला ऑक्सिजन हवा आणि खाडीच्या चिखलात तो नसतो, म्हणून चिखलातून ती पेन्सिलीएवढी श्वसनमुळं वर येतात. त्यांच्यावर डेब्रिजचा ट्रक रिकामा केला की पानात साखर बनत असली तरी खाली मुळं गुदमरून मरतात, आणि एका फांदीलाही हात न लावता अख्खं तिवर वाळतं.