चेक इंजिनचा पिवळा दिवा आणि ऑइलचा लाल दिवा

कात्रजच्या घाटात इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की लोक घाबरून गाडी कडेला घेतात, आणि लाल झारीचा लागला तर म्हणतात ऑइल कमी झालं असेल, घरी गेल्यावर टाकू. खरंतर नेमकं उलटं करायला हवं.

पिवळा दिवा लावतो ईसीयू, म्हणजे इंजिनावर लक्ष ठेवणारा गाडीतला छोटा कॉम्प्युटर. सायलेन्सरच्या पाइपात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) आधी आणि नंतर ऑक्सिजन सेन्सर असतात, त्यांच्यासकट बाकी सेन्सरचे आकडे तो सतत बघत असतो, गडबड दिसली की त्या बिघाडाचा कोड साठवतो, आणि बरेचसे फॉल्ट तर लागोपाठ दोनदा गाडी चालवताना दिसले तरच दिवा लावतो. म्हणजे गाडी आत्ता या क्षणी मोडली असं नाही. पिकअप, आवाज, टेंपरेचर ठीक असेल तर आरामात गॅरेज गाठा. तिथे स्टीअरिंगखालच्या १६ पिनच्या सॉकेटला स्कॅनर लावतील, पण कोड डिलीट करायच्या आधी तो लिहून घ्या प्लीज, आणि कोड दिसला म्हणून लगेच नाना पेठेत पार्ट आणायला धावू नका. उदाहरणार्थ, पी०४२० हा कोड म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं ईसीयूला वाटतंय, एवढंच. एक्झॉस्ट लीक असेल, सेन्सर गेला असेल, आधी ते तपासायला लावा, कन्व्हर्टर फार महाग असतो हो.

पिवळा दिवा ब्लिंक करत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ते मिसफायर आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये, आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. लगेच ॲक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागा बघून थांबा.

लाल झारी म्हणजे ऑइलचं प्रेशर, लेव्हल नाही! बहुतेक गाड्यांत इंजिनवर एक साधा स्विच असतो, प्रेशर ठरावीक मर्यादेखाली गेलं की दिवा लागतो. क्रँकशाफ्ट (इंजिनात फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याच्या बेअरिंगमध्ये ऑइलचा पातळ थर असतो, तो गेला की धातूवर धातू घासतो आणि थोड्याच वेळात इंजिन जाम. त्यामुळे कडेला घ्या, इंजिन बंद करा, जरा थांबून डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) बघा. ऑइल कमी असेल तर टाका, तरी दिवा विझला नाही तर लगेच बंद करा. लेव्हल आधीच बरोबर असेल तर पंप किंवा स्विच गेलेला असू शकतो, तेव्हा परत स्टार्टच करू नका, टोइंग बोलवा.

चावी ऑन केल्यावर हे दोन्ही दिवे लागतात आणि इंजिन चालू झालं की विझतात, ते नॉर्मल आहे. सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर हे आवर्जून तपासा, चावी फिरवूनही पिवळा लागलाच नाही तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.