गावाकडून डिझाइनला जायचंय? यूसीड, एनआयडीचा फॉर्म आणि त्याची कागदपत्रं

इंडस्ट्रियल डिझाइन म्हटलं की लोकांना कार आणि मोबाइल आठवतात. आपल्याकडचा फवारणी पंप बघा ना, भरला की पट्टा खांद्यात रुततो, झाकणातून औषध पाठीवर झिरपतं, आणि 2017 ला यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली ते कोणी विसरलं नसेल. दोष औषधाचा होताच, पण पंप, मास्क, अंगातले कपडे हे वापरणाऱ्याकडे बघून बनवणं हेही कोणाचं तरी काम आहे, आणि ते शिकायला बारावी सायन्सच लागते असंही नाही.

सरकारी रस्ते मुख्य दोन. एक यूसीड, म्हणजे बारावीनंतर डिझाइनच्या पदवीसाठीची प्रवेश परीक्षा, आयआयटी बॉम्बे घेते, त्यावर मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद अशा आयआयटी आणि जबलपूरच्या ट्रिपलआयटीत बी.डेस. (डिझाइनची पदवी) मिळतं. दुसरा एनआयडीचा, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा डॅट, ही त्यांची प्रवेश परीक्षा, अहमदाबादशिवाय भोपाळलाही एनआयडी आहे, आपल्या विदर्भाला तेच जवळ. दोन्हीला आर्ट्स, कॉमर्सवाले चालतात, फक्त यूसीडमधल्या काही आयआयटींना बारावीला फिजिक्स-मॅथ्स लागतं, तेवढं ब्रोशरमध्ये बघून घ्या. यूसीड लागोपाठच्या वर्षांत दोनदाच देता येते, वयाची अट असते, एससी, एसटी, दिव्यांगांना त्यात 5 वर्षांची सूट. फॉर्म साधारण ऑक्टोबरात सुटतो, पेपर जानेवारीत, नागपूरला सेंटर मिळतं. मुलींना आणि एससी, एसटी, दिव्यांगांना फी निम्मी. पेपर इंग्रजीत असतो, एक भाग कॉम्प्युटरवर आणि एक हाताने चित्र काढायचा. एनआयडीची प्रिलिम्स, म्हणजे पहिल्या टप्प्याचा पेपर, हिंदीतही देता येते, हे आपल्या पोरांना सहसा कोणी सांगत नाही.

चित्रकलेची भीती सगळ्यांना वाटते, पण माझ्या मते पोरं अडकतात ती कागदपत्रांपाशी.

ओबीसी असाल तर राज्याचा नॉन-क्रीमीलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा) दाखला तिथं चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला लागतो, आणि ब्रोशरमध्ये ज्या तारखेनंतरचा मागितलाय त्यानंतरचाच. सेतूत गेल्यावर "सेंट्रलचा पाहिजे" असं स्पष्ट म्हणा, नाहीतर तो नेहमीचाच काढून देतो अन् तुम्ही फाईलला लावून खुश. व्हीजे-एनटीवाल्यांनी (भटक्या-विमुक्तांनी) तर आधी आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का हे बघायचं, कारण तिथं व्हीजे-एनटी असा गटच नाही. ईडब्ल्यूएसचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटाचं) आणखी वेगळं, उत्पन्न 8 लाखांच्या आत असलं तरी कुटुंबाच्या नावावर 5 एकर किंवा जास्त शेती असली की दाखला मिळत नाही. कोरडवाहू सहा एकरात काय पिकतं ते आपल्याला माहीत आहे, पण नियम ओलीत-कोरडवाहू बघत नाही.

जातीचा दाखलाच अजून काढला नसेल तर उन्हाळ्यातच लागा. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबांचा शाळेतला दाखल-खारीजचा उतारा नाहीतर तहसीलमधली कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, सोबत टीसी आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. नॉन-क्रीमीलेअरसाठी तहसीलदाराचा तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला. जुन्या रजिस्टरात नाव "बाप्या" आणि आधारवर "बापूराव" असं निघालं की पुन्हा प्रतिज्ञापत्र, पुन्हा एसडीओ (उपविभागीय अधिकारी) ऑफिस, यात महिना कसा जातो कळत नाही.

बाकी सोपं आहे, दहावीची मार्कशीट, फोटो, सही, ओळखपत्र. नाव मात्र मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी असतं, तर फॉर्म भरताना सूचना नीट वाचूनच टाका.

यूसीडमध्ये रँक आली म्हणजे ॲडमिशन झालं असं नाही. निकालानंतर बी.डेस. साठी वेगळा ऑनलाइन अर्ज, वेगळी फी, आणि कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो, तोही बारावीच्या परीक्षेच्या धामधुमीतच येतो. फॉर्मला सायबर कॅफेवाल्याचा ईमेल अन् नंबर टाकू नका, सगळे मेसेज त्याच्याकडे जातील. पदवी झालेल्यांना एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) साठी सीड ही परीक्षा असते, तिला वयाची अट नाही, त्यामुळे बी.ए. झालेल्या ताई-दादांनीही बघायला हरकत नाही.