पोलरायझर की एनडी? मराठवाड्याच्या वाटेवरच्या दोन काळ्या काचा

कॅमेऱ्याच्या दुकानात पोलरायझर आणि एनडी (न्यूट्रल डेन्सिटी) या लेन्सवर लावायच्या दोन काचा शेजारी शेजारी ठेवल्या तर नवख्याला कुठली कुठली ते सांगता येणार नाही. दोन्ही गोल, दोन्ही करड्या-काळ्या, दोन्हींना लेन्सवर फिरवून बसवायचे आटे. शिवाय दोन्ही ‘पाण्याच्या फोटोसाठी’ म्हणूनच गळ्यात मारल्या जातात. मग बीड जिल्ह्यातल्या सौताड्याच्या धबधब्याचं पाणी दुधासारखं यावं म्हणून कुणी पोलरायझर घेतो आणि नदीच्या तळाचे गोटे दिसावेत म्हणून कुणी एनडी. दोघांनाही वाटतं आपल्याला फोटो जमत नाही. खरं तर काच चुकलेली असते.

एनडी सगळा उजेड सारखाच कमी करतो. पोलरायझर मात्र उजेडातला ठरावीक भाग वेचून अडवतो. एनडी लावल्याने रंग बदलत नाहीत, चकाकी जात नाही, फक्त शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, जास्त वेळ उघडं ठेवता येतं. त्या वेळात जे जे हलतं, पाणी, ढग, वाऱ्यावरची ज्वारीची कणसं, ते फोटोत पसरून येतं. पोलरायझरने समोरचं दृश्यच बदलतं. वरची चकाकी निघून जाते आणि तिच्याखाली झाकलेला रंग वर येतो.

हे कसं घडतं ते पहिल्यांदा नीट पाहिलं एत्येन-लुई मालूस या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १८०८ साली. पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर मावळतीचं ऊन पडलं होतं आणि तो ते कॅल्साइटच्या स्फटिकातून बघत होता. स्फटिक फिरवला की खिडकीतलं सूर्याचं प्रतिबिंब कमी-जास्त होत होतं. सूर्याकडून थेट येणाऱ्या उजेडाच्या लहरी सगळ्या दिशांनी कंप पावतात. तोच उजेड काच, पाणी, ओला दगड किंवा पानाच्या तुकतुकीत पाठीवरून तिरका परतला की त्यातला बराचसा एकाच दिशेत कंप पावू लागतो. पोलरायझर फिरवत त्या दिशेला आडवा आणला की तो उजेड अडतो. पाण्याच्या बाबतीत पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन असेल तेव्हा हा परिणाम सर्वांत जास्त असतो. पुलावरून थेट खाली वाकून पाहिलं तर काच कितीही फिरवा, काही होत नाही. किंचित मागे सरकून तिरकं बघा, लगेच फरक दिसतो. धातूवरची चकाकी मात्र पोलरायझरला फारशी जुमानत नाही.

आता हे मराठवाड्यात का महत्त्वाचं, ते सांगतो. इथल्या निसर्गाचे फोटो फिके, पांढुरके येतात आणि लोक म्हणतात, ‘तिकडे काय आहे फोटो काढण्यासारखं?’ मला हे मनापासून लागतं, कारण रंग तिथे असतो, चकाकीखाली झाकलेला असतो. ऑगस्टमध्ये गेवराई-बीडच्या पट्ट्यात सोयाबीन कमरेला यायला लागलेलं असतं. डोळ्यांना हिरवंगार दिसतं, फोटोत मात्र पानापानावर आभाळाचा पांढरा थर येतो. पोलरायझर लावून हळूहळू फिरवा. एका जागी तो थर निघून जातो आणि पानाच्या शिरांपर्यंतचा हिरवा दिसतो. पाऊस पडून गेल्यावरचं नांगरलेलं काळं रान बघा. ढेकळांच्या ओल्या बाजू आरशासारख्या लखलखतात आणि माती राखाडी दिसते. चकाकी काढली की ती जशी आहे तशी, दाट काळी येते. अजिंठ्याच्या समोरच्या डोंगरावरून वाघोरा नदीचं घोड्याच्या नालासारखं वळण टिपताना, देवगिरीच्या कातळाला पावसाळी ओल असताना, वेरूळच्या लेण्यांच्या माथ्यावरून पाणी ओघळत असताना, सगळीकडे तोच ओला बसाल्ट आणि तीच चकाकी. यातलं कुठलंही काम एनडी करू शकत नाही. तो काळी माती आणि तिच्यावरची चकाकी दोन्ही सारख्याच मंद करेल.

आकाशाचंही तसंच. निरभ्र आकाशाचा निळा उजेड सूर्यापासून काटकोनात सगळ्यात जास्त ध्रुवित असतो, म्हणजे तिथल्या लहरींना एक ठरलेली दिशा असते. हा पट्टा शोधायला यंत्र लागत नाही. तर्जनी सूर्याकडे करा, अंगठा काटकोनात उभा धरा आणि मनगट फिरवा. अंगठा जिथून जिथून फिरेल तिथलं आकाश पोलरायझरने गडद होईल. सूर्याच्या बाजूचं किंवा बरोबर पाठीमागचं होणार नाही.

रस्त्यावर याचा थेट उपयोग होतो. धुळ्याकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ कन्नड, छत्रपती संभाजीनगर, बीड, धाराशिव, तुळजापूर करत सोलापूरला उतरतो, म्हणजे ढोबळमानाने उत्तर-दक्षिण. सकाळी ऊन डाव्या हाताला, संध्याकाळी उजव्या, आणि समोरचं दक्षिणेचं आकाश दोन्ही वेळा सूर्यापासून जवळपास काटकोनात. मांजरसुंब्याच्या घाटातून किंवा येडशीच्या आसपास बालाघाटच्या टेकड्यांवर पांढरे ढग असतील तर पोलरायझरने ते निळ्यातून उठून दिसतात. याउलट संभाजीनगरहून सकाळी जालन्याकडे निघालात तर सूर्य समोर असतो. त्या दिशेच्या आकाशासाठी काच बॅगेतच राहू द्या. समृद्धी महामार्गावर तर फोटोसाठी गाडी थांबवायचीच नाही. एकट्याने जाताना ‘दोनच मिनिटं’ हा मोह जास्त होतो, म्हणून मुद्दाम लिहितोय.

धुरकट हवेबद्दल थोडं. पोलरायझर धूसरपणा कापतो असं सांगतात, ते अर्धंच खरं आहे. हवेच्या बारीक कणांवरून विखुरलेला निळसर उजेड तो बऱ्यापैकी अडवतो. म्हणून पाऊस उघडल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या धुतलेल्या हवेत, म्हैसमाळवरून लांबची टेकाडं स्पष्ट होतात. एप्रिल-मेमधली धूळ मोठ्या कणांची असते, तिथे फरक थोडाच पडतो. मे महिन्याच्या मध्याला दुपारी इथे सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे काटकोनाचा पट्टा क्षितिजाभोवती चहूकडे असतो. पण नेमकी तेव्हाच हवा सगळ्यात मळलेली असते.

एनडीचं काम आकड्यांवर चालतं. एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा. एनडी ८ म्हणजे आठवा हिस्सा उजेड, ३ स्टॉप कमी. एनडी ६४ म्हणजे ६ स्टॉप, एनडी १००० म्हणजे साधारण १० स्टॉप. ढगाळ दिवशी काचेविना १/६० सेकंद लागत असेल तर एनडी ८ ने १/८, एनडी ६४ ने सुमारे १ सेकंद आणि एनडी १००० ने सुमारे १६ सेकंद. पैठणच्या नाथसागर जलाशयाच्या काठावर वारा असताना लाटांची खळबळ सपाट करायची आहे, किंवा ढग आभाळभर ओढल्यासारखे हवे आहेत, तर १० स्टॉप लागतात. धबधब्याला इतकं लागत नाही. १/४ ते १ सेकंदात पाण्याच्या धारा वेगवेगळ्या दिसतात. त्यापुढे गेलं की सगळं पिंजलेल्या कापसासारखं होतं आणि धबधबा कुठला, सौताड्याचा की कपिलधारचा, तेच ओळखू येत नाही. मला तरी धार दिसलेली आवडते.

आणि इथेच दोघांची गल्लत सुटते. पोलरायझरही जाता जाता दीड ते दोन स्टॉप उजेड खातो. सौताड्याची घळ खोल आहे, पावसाळ्यात वर ढग असतात, त्यामुळे खाली उजेड मुळातच कमी. एफ ११ (लेन्सचं छिद्र लहान) आणि आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता कमी) वर काचेविना १/१५ सेकंद मिळत असेल तर नुसता पोलरायझर लावून १/४ च्या आसपास पोचता येतं. धार मऊ होते आणि बाजूच्या ओल्या दगडांची चकाकीही जाते. लोक तिथे एनडी लावतात, पाणी छान येतं, पण दगड पांढरे फट्ट चमकत राहतात. आधी पोलरायझर लावून बघावा, अपुरा पडला तरच एनडी काढावा.

एकट्याच्या प्रवासात हा क्रम आणखी महत्त्वाचा ठरतो. पोलरायझरने भर दिवसा हातात कॅमेरा धरून फोटो निघतो: थांबा, फिरवा, टिपा, निघा. एनडी म्हणजे ट्रायपॉड आला. आधी फोकस करून तो मॅन्युअलवर टाकायचा, मग काच चढवायची, स्टॅबिलायझेशन बंद करायचं, २ सेकंदांचा टायमर लावायचा. वाऱ्यात ट्रायपॉड हलू नये म्हणून बॅग त्याच्या मधल्या दांड्याला टांगायची, आणि हे सगळं करताना रस्त्याकडेच्या गाडीकडेही आपणच बघायचं. शेवाळलेल्या बसाल्टवर पाय घसरला तर हात द्यायला कुणी नाही, हेही ध्यानात ठेवावं लागतं. शेताकडेला ट्रायपॉड उभा केला की बांधावरून कुणीतरी हमखास विचारतं, ‘मोजणी चालू हाय का, साहेब?’ रस्त्यांसाठी जमिनी गेलेल्या भागात हा प्रश्न काळजीतून येतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांच्याच रानाचा फोटो दाखवा, मोकळेपणाने सांगा, मग पुढचं काम करा. अजिंठा, वेरूळ, देवगिरी ही ठिकाणं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. तिथे ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, म्हणजे ठरवून आल्याशिवाय मोठा एनडी तिथे कामाचा नाही.

मोबाइलवाल्यांचा प्रश्न येतो की हे सगळं ॲपमध्ये होत नाही का? एनडीचं बरंचसं होतं. एकामागोमाग काढलेल्या अनेक फ्रेमची सरासरी काढली की वाहतं पाणी मऊ दिसतं. आयफोनच्या लाइव्ह फोटोत ‘लाँग एक्स्पोजर’ असंच चालतं आणि कॅमेऱ्यातून काढलेल्या फ्रेम संगणकावरही अशा जोडता येतात. पोलरायझरचं तसं नाही. चकाकीने झाकलेल्या पानाचा रंग सेन्सरपर्यंत नीट पोचलेलाच नसतो. नंतर रंग गडद करता येतो, तो खालचा हिरवा परत आणता येत नाही. म्हणून एकच काच घेऊन निघायचं असेल तर मी पोलरायझर सांगेन, आणि मराठवाड्यासाठी तर ठामपणे. इथे वाहतं पाणी वर्षातले थोडे महिने, चकाकणारा दगड, पान आणि माती मात्र कितीतरी जास्त दिवस.

पोलरायझर काढून ठेवायच्या जागाही आहेत. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पाणी भरून वाहू लागलं की नर-मादी धबधबे सुरू होतात आणि ऊन बरोबर पडलं तर तुषारांत इंद्रधनुष्य उमटतं. इंद्रधनुष्याचा उजेड जोरदार ध्रुवित असतो. काच एका बाजूला फिरली की कमान पुसली जाते, पाव फेरा पुढे नेली की आधीपेक्षा ठळक होते. फिरवताना डोळा कमानीवरच ठेवा. संथ पाण्यात बुरुजाचं प्रतिबिंब हवं असेल तर पोलरायझर तेच खाऊन टाकतो, तिथे तो नको. २४ मिमीपेक्षा रुंद (म्हणजे त्याहून कमी मिमीच्या) लेन्सवर अर्धं आकाश गडद आणि अर्धं फिकं येतं, ते नंतर दुरुस्त करणं जिकिरीचं. गाडीच्या काचेतून टिपायचं तर समोरच्या काचेतलं डॅशबोर्डचं प्रतिबिंब तो छान कमी करतो. दाराच्या काचा मात्र टफन केलेल्या (तापवून कडक केलेल्या) असतात, त्यांच्यातला ताण पोलरायझरमधून ठिपक्या-पट्ट्यांसारखा दिसतो. काच खाली करा आणि मगच टिपा.

जुन्या बाजारातून काच घेताना किंवा डबीवरचं नाव पुसलेलं असताना ओळख पटवायची सोपी रीत आहे. काचेतून साध्या, न चमकणाऱ्या भिंतीकडे बघा आणि पुढची कडी फिरवा. भिंत तशीच राहिली पण फरशीवरची चकाकी बदलली, तर पोलरायझर. फिरायला कडीच नसेल तर बहुधा एनडी. भिंतच काळवंडत गेली तर तो व्हेरिएबल एनडी, ज्यात दोन पोलरायझर एकमेकांसमोर बसवलेले असतात. गोंधळात सगळ्यात जास्त भर हाच घालतो, कारण फिरतो म्हणून लोक त्याला पोलरायझर समजतात. रुंद लेन्सवर तो पूर्ण फिरवला तर आकाशात काळी फुलीही उमटते. व्हिडिओसाठी ठीक, निसर्गचित्रासाठी मी घेणार नाही.

दोन्ही काचा घ्यायच्याच असतील तर आपल्या सर्वांत मोठ्या लेन्सच्या तोंडाच्या मापाच्या घ्या, समजा ७७ मिमी, आणि लहान लेन्सवर तीच काच बसवायला जोडकडी, म्हणजे स्टेप-अप रिंग. एकत्र लावताना एनडी आत, पोलरायझर बाहेर, म्हणजे फिरवायला सोपं. पोलरायझरमध्ये दोन काचांच्या मध्ये पातळ पडदा असतो आणि तो उष्णतेने खराब होतो. मेच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवायचा नाही. डबीत घालून सीटखाली, सावलीत ठेवा.