एकवीस दिवसांत सवय लागते? कोणी सांगितलं?

‘एकवीस दिवस नेटाने कर, मग आपोआप होतं.’ जिमवाल्यापासून मावशीपर्यंत सगळे हेच सांगतात. हा आकडा आला कुठून?

मॅक्सवेल माल्ट्झ हे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन. नाकाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला निदान एकवीसेक दिवस लागतात, असं त्यांनी 1960च्या पुस्तकात लिहिलं. म्हणजे विषय चेहऱ्याचा, पहाटे धावण्याचा नव्हेच. पुढे तोंडोतोंडी ‘निदान’ गळालं आणि एकवीस तेवढे उरले!

प्रत्यक्ष मोजणी केली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. 96 जणांनी 12 आठवडे एकेक नवी सवय पाळली. कुणी नाश्त्यानंतर ग्लासभर पाणी, तर कुणी जेवणाआधी पंधरा मिनिटं धावणं. सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले. पण माणसागणिक फरक केवढा: कुणाला 18, तर कुणाला, गणिती अंदाजाने, 254. पाणी पिणं लवकर जमलं, व्यायामाला वेळ लागला. एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही, हेही दिसलं.

माझ्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर सूर्यनमस्कारांच्या फुल्या आहेत. बाविसाव्या दिवशीही गजर बंद करून झोपलोच होतो. पावसाळा सरता सरता, चहाचं आधण ठेवलं की पाय आपसूक सतरंजीकडे वळायला लागले. मधल्या गणपतीच्या आठवड्यात एकही फुली नाही.