केंद्राचे पाच लाखांपर्यंतचे कला-अनुदान: अर्जाआधी संस्थेचे कपाट उघडा

हौशी नाट्यसंस्था असो, दशावतारी मंडळ असो की वस्तीतल्या मुलांसाठी चित्रकलेची कार्यशाळा घेणारा छोटा ट्रस्ट, वर्गणीचा आकडा हाती आला की कोणीतरी विचारतोच, ‘सरकारकडून काही मिळतं का हो?’ मिळतं. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या ‘कला संस्कृती विकास योजने’त ‘कल्चरल फंक्शन अँड प्रोडक्शन ग्रँट’ असा एक भाग आहे. बोलताना सगळे त्याला सीएफपीजी म्हणतात. महोत्सव, चर्चासत्र, परिषद, कार्यशाळा, प्रदर्शन, संशोधन आणि नृत्य, नाट्य, संगीताची निर्मिती यांसाठी हे अनुदान असते. कमाल रक्कम ५ लाख रुपये. अपवादात्मक परिस्थितीत ती २० लाखांपर्यंत नेता येते, पण पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याने तो आकडा डोक्यातून काढून टाकलेला बरा.

आधी हिशेब

‘पाच लाख मिळणार’ असे मीटिंगमध्ये जाहीर करण्यापूर्वी खजिनदाराला शेजारी बसवा. अनुदान खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंतच मिळते; उरलेला वाटा संस्थेने उभा करायचा. शिवाय मंजूर रक्कमही एकदम येत नाही. ७५ टक्के पहिल्या हप्त्यात आणि २५ टक्के हिशेब सादर झाल्यावर.

समजा, तुमच्या लोककला महोत्सवाचा खर्च ४ लाख आहे. अनुदान जास्तीत जास्त ३ लाख. त्यातला पहिला हप्ता २ लाख २५ हजार. म्हणजे मांडववाला, ध्वनिवाला, कलाकार यांचे पैसे चुकते करताना १ लाख ७५ हजार रुपये तुमच्याच खिशातले लागणार. त्यातले ७५ हजार पुढे परत येतील, १ लाख तुमचा वाटा म्हणून कायमचा गेला. आणि तज्ज्ञ समितीने ३ लाखांऐवजी दीड लाखच मंजूर केले तर? पहिला हप्ता १ लाख १२ हजार ५००, बाकीचे २ लाख ८७ हजार ५०० तुम्ही शोधायचे. मागितले तेवढे मिळेलच असे नाही. कमी मंजुरीवरही कार्यक्रम कसा उभा राहील, त्याचे दुसरे अंदाजपत्रक कच्च्या कागदावर का होईना, तयार ठेवा.

कोणाला मिळते

नोंदणीकृत, नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेला: सोसायटी, ट्रस्ट, स्वयंसेवी संस्था, विद्यापीठ. नोंदणी होऊन किमान तीन वर्षे झालेली हवीत. एकट्या कलाकाराला या भागातून अर्ज करता येत नाही. त्याच्यासाठी त्याच योजनेत शिष्यवृत्ती आणि ज्युनिअर-सीनिअर फेलोशिप आहेत, तो रस्ता वेगळा. नाट्यगृह किंवा तालमीची खोली बांधायचीय? त्यालाही वेगळा भाग आहे. नोंदणी नसलेल्या मित्रमंडळाने मात्र इथेच थांबावे आणि आधी नोंदणी करून घ्यावी. दुसऱ्या संस्थेच्या नावावर अर्ज करून पैसे आपल्याकडे वळवण्याची युक्ती सुचवणारे भेटतात. ऐकू नका, पुढे हिशेबावर सह्या त्या संस्थेच्या लोकांना कराव्या लागतात.

खरी परीक्षा: धर्मादाय आयुक्तालयाची फाईल

अर्ज भरणे हे दोन संध्याकाळींचे काम आहे. घोडे अडते ते संस्थेच्या कागदपत्रांवर. महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. दोन्ही प्रमाणपत्रे, घटनेची प्रत आणि परिशिष्ट १ चा (धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा) उतारा काढा. आता उताऱ्यावरची विश्वस्तांची नावे वाचा. आमच्या संस्थेत वाचली तेव्हा अध्यक्ष म्हणून ज्यांचे नाव होते, त्यांच्या नावाने आम्ही चार वर्षे स्मृती-एकांकिका स्पर्धा घेत होतो. निवडणूक झाली होती, ठराव झाला होता, मिठाईसुद्धा वाटली होती. बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याचे धर्मादाय कार्यालयाला कळवणारा अर्ज, कोणी केलाच नव्हता. कलम २२ नुसार बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो करायचा असतो. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज, मग तारखा. त्या वर्षीचा अर्ज आम्ही सोडून दिला.

दुसरी अडचण नावाची. मराठीत एकच असलेले नाव इंग्रजीत गेले की त्याचे तीन अवतार होतात. पॅनवर ‘नाट्य’मध्ये एक ए, बँकेत दोन ए, नोंदणीवर शेवटी ‘ट्रस्ट’ जोडलेले. माणसाला कळते, संगणकाला नाही. पॅन, बँक खाते आणि नोंदणी यांत अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. त्यानंतर एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून संस्थेचा युनिक आयडी मिळवा. तो नसेल तर अर्ज पुढे जात नाही. दर्पणसाठी संस्थेचा पॅन आणि किमान तीन पदाधिकाऱ्यांचे पॅन व आधार लागतात. मोबाईलवर ओटीपी येतो, म्हणून मुंबईला मुलाकडे गेलेल्या सेक्रेटरींना आधी फोन करून ठेवा. पैसे पीएफएमएस या केंद्र सरकारच्या ऑनलाइन प्रणालीतून थेट खात्यात येतात, त्यामुळे तिथलीही नोंद हवी.

याशिवाय अर्जासोबत लागते ते असे: गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, कामाचे वार्षिक अहवाल, अर्जाला मान्यता देणारा कार्यकारिणीचा ठराव, प्रकल्पाचा प्रस्ताव आणि बाबवार अंदाजपत्रक, स्टँपपेपरवरचा बाँड, बँकेचे प्राधिकारपत्र. अर्ज मंत्रालयाने मुदत जाहीर केली की ऑनलाइन भरायचा. त्या वर्षीची मार्गदर्शक तत्त्वे डाउनलोड करून छापून घ्या. नमुने बदलत असतात, आणि कोणाकडून तरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला जुना नमुना भरून मेहनत वाया घालवणारे पुष्कळ आहेत.

प्रस्तावात काय लिहावे

‘आपल्या समृद्ध परंपरेचे जतन व संवर्धन’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असते, म्हणून ते वाचलेही जात नसावे असा माझा कयास आहे. त्याऐवजी सांगा: किती दिवस, कुठे, कोण कलाकार, किती मुले शिकणार, शेवटी लोकांना काय पाहायला मिळणार. खडीगंमतीची (विदर्भातल्या लोकनाट्याची) कार्यशाळा असेल तर शिकवणारे शाहीर कोण, त्यांनी होकार दिलाय का, ढोलकीवाला कुठून येणार, हे लिहा. अंदाजपत्रकात ‘इतर खर्च ६० हजार’ अशी ओळ नको. कलाकारांचे मानधन, प्रवास, नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश, ध्वनी, सभागृहाचे भाडे, छपाई वेगवेगळे दाखवा आणि शक्य तिथे दरपत्रक जोडा. याच कार्यक्रमासाठी दुसऱ्या सरकारी खात्याकडे हात पसरला असेल तर तेही सांगा. लपवलेले नंतर बाहेर आले की सगळेच अडचणीत येते.

पडदा पडल्यावर

कार्यक्रमाच्या बॅनरवर आणि निमंत्रणपत्रिकेवर सांस्कृतिक मंत्रालयाच्या अर्थसाहाय्याचा उल्लेख करा आणि तो बॅनर दिसेल असे फोटो काढा. उत्साहात सगळे फोटो मान्यवरांच्या सत्काराचे निघतात, त्यात बॅनरची फक्त दोरी दिसते.

दुसऱ्या हप्त्यासाठी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला, जीएफआर १२-ए या सरकारी नमुन्यात द्यायचे असते. सोबत चार्टर्ड अकाउंटंटने तपासलेला खर्चाचा तक्ता (त्यावर यूडीआयएन, म्हणजे सीएने तपासलेल्या कागदाचा ओळख क्रमांक, आहे ना, ते पाहा), कार्यक्रमाचा अहवाल, फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणे. मानधन शक्यतो खात्यावर द्या. लोककलावंत पुष्कळदा रोखच मागतात, आणि रात्री दोनला प्रयोग संपवून निघालेल्या माणसाशी वाद घालणेही बरे दिसत नाही. अशा वेळी व्हाउचरवर सही घ्या, रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचे महसूल तिकीट लावा. ही तिकिटे आधीच आणून ठेवा, रात्री दोनला पोस्ट उघडे नसते. अनुदानाच्या रकमेवर बँकेत व्याज साचले तर तेही सरकारचेच. ते परत भरायचे असते. म्हणून या पैशांसाठी वेगळे बचत खाते उघडलेले सोपे पडते, नाहीतर वर्गणीचे व्याज कुठले आणि अनुदानाचे कुठले हे सोडवत सीएकडे चार फेऱ्या होतात.