सुरकुतीपर्यंत पोचते ते काय? चेहऱ्याच्या घरगुती यंत्रांची तपासणी

अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बत्ती लावून तिच्यावर बोटे मिटून धरली, तर बोटांच्या कडा लालभडक उजळतात. बत्तीचा प्रकाश पांढरा, म्हणजे त्यात निळा, हिरवा, लाल असे सगळेच रंग असतात. तरी पलीकडे दिसतो तो फक्त लाल. निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला रक्तातले हिमोग्लोबिन आणि त्वचेतले मेलॅनिन वाटेतच गिळून टाकतात, लाल प्रकाश मात्र त्यांच्या तावडीतून बराचसा सुटतो. चेहऱ्यावर चढवायच्या लाल दिव्यांच्या मुखवट्यामागचे निम्मे विज्ञान या साध्या प्रयोगात आले. उरलेले निम्मे, म्हणजे आत पोचलेला प्रकाश तिथे करतो काय आणि किती पोचला म्हणजे करतो, हे समजायला थोडे अवघड आहे, आणि जाहिरातीत नेमका तोच भाग गाळलेला असतो.

सुरकुत्या घालवण्याचे आश्वासन देणारी घरगुती यंत्रे आज अनेक प्रकारची आहेत. कोणी प्रकाश सोडते, कोणी सूक्ष्म विद्युतप्रवाह, कोणी रेडिओ लहरींची उष्णता, तर कोणी बारीक सुयांनी त्वचा टोचते. त्या सगळ्यांना एकच प्रश्न विचारला तर बराचसा गोंधळ मिटतो: या यंत्राची ऊर्जा त्वचेत किती खोल आणि किती प्रमाणात पोचते? कारण सुरकुती दिसते वर, पण तिचे मूळ वर नसते. चेहऱ्याची बाह्यत्वचा जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे एखाद्या कागदासारखी पातळ असते. तिच्याखाली एक ते दोन मिलिमीटर जाडीची अंतस्त्वचा असते, आणि त्वचेचा ताठपणा या थरातल्या कोलॅजनच्या तंतूंवर, तर ताणून सोडल्यावर पूर्ववत होण्याचा गुण इलॅस्टिनच्या तंतूंवर अवलंबून असतो. हे तंतू तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी वयानुसार मंदावतात, आणि सूर्यप्रकाशातले अतिनील किरण कोलॅजन तोडणाऱ्या विकरांना चेतवून आहे तेही विरळ करतात. त्याच्याही खाली चरबी, स्नायू आणि हाडे असतात. गाल ओघळतात त्यात या खालच्या थरांची झीज मोठा वाटा उचलते, आणि कपाळावरच्या आठ्या तर स्नायूंच्या वारंवार आकुंचनाने पडतात. तेव्हा बारीक रेषा, खोल आठ्या आणि ओघळलेला जबडा या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. तिन्हींवर एकच यंत्र चालते असे कोणी सांगू लागले, तर तिथेच सावध व्हावे.

वय आणि ऊन यांचा हिशेब वेगळा करून पाहायचा असेल, तर दंडाच्या आतल्या बाजूची, काखेजवळची त्वचा आणि मनगटाच्या वरची बाहेरची त्वचा शेजारी शेजारी धरून पाहावी. दोन्हींचे वय एकच, तरी पन्नाशीतल्या माणसाच्या दंडाची आतली त्वचा गुळगुळीत आणि एकसारख्या रंगाची असते, आणि मनगटावरची खरखरीत, डागाळलेली. आपण ज्याला वय म्हणतो त्यातले बरेचसे ऊन असते.

आता लाल दिव्यांकडे वळू. हंगेरीतले डॉक्टर एंद्रे मेस्टर यांनी १९६७ साली उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर कमी शक्तीचा लेसर सोडून पाहिला. कर्करोग होतो का, हे त्यांना तपासायचे होते. कर्करोग झाला नाही, पण प्रकाश मिळालेल्या उंदरांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. मंद लाल प्रकाश पेशींच्या कामात बदल घडवतो, या विचाराची सुरुवात तिथून झाली. आज सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण असे, की लाल आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यातला प्रकाश पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधले सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर शोषून घेते, त्यामुळे पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते आणि फायब्रोब्लास्ट अधिक कोलॅजन तयार करू लागतात. मुखवट्यांवर ६३३ आणि ८३० नॅनोमीटर या तरंगलांबी वारंवार छापलेल्या दिसतात, त्यांचे कारण हे आहे.

याला माणसांवरच्या प्रयोगांचा आधारही आहे, आणि म्हणूनच घरगुती यंत्रांमध्ये मी लाल प्रकाशाला थोडे वरचे स्थान देतो. दक्षिण कोरियात ७६ जणांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेहऱ्याच्या फक्त एका बाजूवर प्रकाश सोडण्यात आला, आणि त्या बाजूच्या सुरकुत्या व लवचिकता दुसऱ्या बाजूपेक्षा सुधारल्याचे आढळले. जर्मनीत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १३६ स्वयंसेवक होते. आठवड्यातून दोनदा लाल प्रकाश घेतलेल्यांच्या त्वचेत सुधारणा नोंदवली गेली, मात्र तुलनेच्या गटाला कोणताही खोटा दिवासुद्धा दाखवला नव्हता, त्यामुळे आपल्यावर उपचार होत आहेत की नाहीत हे प्रत्येकाला ठाऊक होते. या क्षेत्रातले बहुतेक अभ्यास असेच आहेत: माणसे थोडी, कालावधी काही आठवड्यांचा, आणि अनेकदा खर्च यंत्र विकणाऱ्यांनीच उचललेला. परिणाम शून्य आहे असे यातून म्हणता येत नाही, आणि मोठा आहे असेही म्हणता येत नाही.

खरी मेख मात्रेत आहे. औषधाची गोळी किती मिलिग्रॅमची हे आपण पाहतो, तशी प्रकाशाचीही मात्रा असते, आणि ती चौरस सेंटिमीटरमागे किती ज्यूल ऊर्जा पडली अशी मोजतात. समजा, एक दिवा त्वचेवर चौरस सेंटिमीटरमागे ३० मिलिवॉट प्रकाश टाकतो. दहा मिनिटांत तिथे १८ ज्यूल जमा होतात. दुसरा, दिसायला तसाच लालेलाल मुखवटा ५ मिलिवॉटच टाकत असेल, तर त्याच दहा मिनिटांत फक्त ३ ज्यूल पडतात, आणि पहिल्याची बरोबरी करायला तो तासभर लावून बसावे लागेल. डोळ्यांना दोन्ही सारखेच झगझगीत वाटतात. मुखवट्याच्या खोक्यावर दिव्यांची संख्या ठळक अक्षरांत असते, तरंगलांबी कधी असते, पण त्वचेच्या पृष्ठभागावर किती मिलिवॉट पोचतात हा आकडा बहुधा शोधावा लागतो. दोनशे दिवे ही माहिती नव्हे, सजावट आहे. शिवाय मात्रा वाढवत नेली म्हणजे फायदाही वाढत जातो असे नाही. ठरावीक मर्यादेपलीकडे परिणाम घटतो, असे प्रयोगशाळेत पेशींवर वारंवार दिसले आहे. त्यामुळे दहा मिनिटे सांगितली असताना चाळीस मिनिटे बसण्याने काही साधत नाही.

तेव्हा लाल प्रकाशाबद्दल प्रामाणिकपणे एवढे म्हणता येईल: शक्ती पुरेशी असेल आणि दोन-तीन महिने नेमाने वापर झाला, तर बारीक रेषा आणि त्वचेचा पोत थोडा सुधारू शकतो. खोल आठ्या किंवा ओघळलेली त्वचा यांवर त्याची अपेक्षा ठेवू नये, आणि वापर थांबला की लाभ टिकून राहील असेही धरू नये.

सूक्ष्म विद्युतप्रवाहाची गोष्ट निराळी आहे. या यंत्रांच्या दोन गोल टोकांतून एक मिलिअँपिअरहून कमी प्रवाह गालावरून फिरवला जातो आणि त्याला ‘चेहऱ्याचा व्यायाम’ म्हटले जाते. त्यांच्या जाहिरातीत पेशींची ऊर्जा पाचशे टक्क्यांनी वाढते, असा एक आकडा हमखास भेटतो. तो खोटा नाही. पण तो आला आहे १९८२ सालच्या एका प्रयोगातून, ज्यात उंदरांच्या त्वचेचे तुकडे प्रयोगशाळेत ठेवून त्यांच्यातून प्रवाह सोडला होता. उंदराच्या कापून काढलेल्या त्वचेवरून जिवंत माणसाच्या गालावर उडी मारताना मधले सगळे पूल गायब आहेत. व्यायामाचा युक्तिवादही तपासून पाहण्यासारखा आहे. एवढा दुर्बल प्रवाह स्नायूला धड आकुंचितही करत नाही, मग व्यायाम कसला? आणि करत असता, तरी आठ्यांच्या बाबतीत तो उलटच पडला असता, कारण बोटॉक्सचे इंजेक्शन आठ्या घालवते ते स्नायू बळकट करून नव्हे, तर त्यांना सैल पाडून.

मग यंत्र फिरवल्यावर आरशात चेहरा तजेलदार का दिसतो? प्रवाह वाहण्यासाठी आधी चेहऱ्यावर जेल थापावे लागते, आणि त्या जेलमधले पाणी व ग्लिसरीन वरच्या मृत पेशींचा थर फुगवून बारीक रेषा बुजवतात. चोळण्याने रक्तप्रवाह वाढतो, हलकी सूज येते किंवा साचलेली सूज सरकते. हे सगळे काही तासांचे काम आहे. गुळगुळीत दगडांनी आणि लाटण्यासारख्या रोलरने चेहरा घासण्याचेही तेच. आवडत असेल तर खुशाल करावे, कोलॅजनशी त्याचा संबंध नाही.

रेडिओ लहरींच्या यंत्रांत निदान तत्त्व भक्कम आहे. ऊतकांतून लहरी जाताना विरोधामुळे उष्णता निर्माण होते. कोलॅजनचे तंतू साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास आक्रसतात, आणि त्यानंतर दुरुस्ती म्हणून शरीर नवे कोलॅजन घालते. त्वचारोगतज्ज्ञांकडची मोठी यंत्रे आतला थर असा तापवत असताना वरची त्वचा थंड ठेवतात, नाहीतर ती भाजेल. घरी वापरायच्या यंत्रात अशी व्यवस्था आणि असा देखरेख करणारा हात नसतो, म्हणून पृष्ठभाग चाळीस-बेचाळीस अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. इथे या साऱ्या उद्योगातली मूळ अडचण उघडी पडते. जे यंत्र कोणाच्याही हातात, सूचना न वाचता, झोपेच्या घाईत वापरले तरी सुरक्षित राहावे असे बनवले जाते, ते दुर्बल असणे भाग आहे; आणि ज्यात खरोखर ऊतक बदलण्याची ताकद आहे, ते न शिकलेल्या हातात देणे धोक्याचे आहे.

सुयांच्या रोलरमध्ये या दोन्ही दोषांचा संगम होतो. घरगुती रोलरच्या पाव मिलिमीटरच्या सुया अंतस्त्वचेच्या कामाच्या खोलीपर्यंत फारशा जात नाहीत, पण जंतूंना वाट करून द्यायला आणि त्वचेचा दाह करायला पुरतात. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत दाह ओसरल्यावर काळे डाग राहण्याची शक्यता जास्त, आणि ते डाग मूळ सुरकुतीपेक्षा हट्टी निघतात. हा प्रकार मी सरळ नाकारतो.

गव्हाळ त्वचेचा विषय निघालाच आहे, तर वांगाबद्दलही सांगायला हवे. गालांवर आणि कपाळावर वांग असेल, तर उष्णता आणि निळा-जांभळा दृश्य प्रकाशही तो गडद करू शकतो. त्यामुळे रेडिओ लहरींची यंत्रे आणि अनेक रंगांचे मुखवटे विचारल्याशिवाय लावू नयेत. हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी विद्युतप्रवाहाची आणि रेडिओ लहरींची यंत्रे टाळावीत. डॉक्सिसायक्लिनसारखी, त्वचेला प्रकाशासाठी हळवी करणारी औषधे चालू असताना किंवा ल्यूपस हा प्रकाशाने बळावू शकणारा आजार असताना प्रकाशाचे मुखवटेही डॉक्टरांना विचारल्याखेरीज नकोत. डोळ्यांचा प्रश्न काल्पनिक नाही: २०१९ साली न्यूट्रोजिनाने मुरुमांसाठीचा आपला प्रकाश-मुखवटा बाजारातून परत घेतला तो डोळ्यांच्या काही आजारांत आणि काही औषधांबरोबर इजा होण्याच्या शक्यतेमुळेच.

खोक्यावर एफडीए या अमेरिकेच्या औषध व वैद्यकीय यंत्र नियामक संस्थेचे नाव दिसले की अनेकांचा विश्वास बसतो. अशा यंत्रांना बहुधा मिळते ती ‘मंजुरी’ नसून ‘परवानगी’ असते, आणि ती मिळवण्यासाठी आधीच बाजारात असलेल्या एखाद्या यंत्राशी आपले यंत्र पुरेसे समान आहे, हे दाखवले की बहुतेक वेळा भागते. सुरक्षिततेचा किमान भरवसा त्यातून मिळतो, सुरकुत्या जातील याची हमी नाही.

तुलनेसाठी एक जुना, कंटाळवाणा उपाय समोर ठेवतो. ऑस्ट्रेलियातल्या नँबूर गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ प्रौढांपैकी निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले आणि इतरांना त्यांच्या मनाप्रमाणे वागू दिले. साडेचार वर्षांच्या आधी आणि नंतर त्यांच्या हाताच्या पाठीचे सिलिकोनचे ठसे घेऊन त्वचेवरच्या रेषांची जाळी भिंगाखाली तपासली. २०१३ साली आलेल्या निष्कर्षांनुसार रोज लावणाऱ्यांची त्वचा इतरांपेक्षा २४ टक्के कमी वयस्क झाली होती. एकाही मुखवट्यापाशी इतक्या माणसांचा, इतक्या वर्षांचा, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला पुरावा नाही. ज्यांना झालेली हानी थोडी परतवायची आहे, त्यांच्यासाठी रात्री लावायचे ट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातले मलम १९८०च्या दशकापासून अभ्यासले गेलेले आहे. मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, आणि गरोदरपणात मुळीच नाही. हे दोन्ही चालू असताना वर हौस म्हणून लाल दिवा लावायला माझी हरकत नाही. सनस्क्रीन न लावता मुखवटा घेणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे.

यंत्र घेतलेच असेल, तर ते पारखण्याची सोय प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आहे, कारण चेहऱ्याला दोन बाजू आहेत. तीन महिने एकाच बाजूवर वापरावे. सुरुवातीचे फोटो मात्र नीट काढावेत: तीच खिडकी, तीच वेळ, चेहरा कोरडा, प्रकाश बाजूने येणारा, कारण समोरून येणारा प्रकाश सुरकुतीची सावलीच पुसून टाकतो आणि जाहिरातीतले ‘नंतरचे’ फोटो पुष्कळदा तसेच काढलेले असतात. दोन्ही बाजू मुळात सारख्या असतीलच असे नाही. २८ वर्षे ट्रक चालवलेल्या एका ६९ वर्षांच्या अमेरिकन चालकाचा फोटो २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आला होता, त्यात खिडकीकडचा डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेला आणि जाड झालेला होता, कारण खिडकीची काच अतिनील किरणांतला ‘ए’ पट्टा अडवत नाही. म्हणून आधीच्या फोटोंशिवाय नंतरच्यांना अर्थ नाही. तीन महिन्यांनी ते चारही फोटो अशा कोणाला तरी दाखवावेत, ज्याला दिवा कोणत्या बाजूला लावला होता हे सांगितलेले नाही, आणि कोणत्या गालात फरक पडला ते त्याला ओळखायला सांगावे.